रोज पहाटे एकच प्रश्न

आमची पिकअप दिवसभर शहाण्यासारखी वागते. तक्रार फक्त पहाटेची, तीही पहिल्या पाऊण मिनिटाची. चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, विझतो. मग सेल्फ मारला की इंजिन लगेच उचलतं. उचलतं म्हणजे काय, झोपेतल्या माणसाला गदागदा हलवल्यावर तो जसा खेकसत उठतो, तसं. स्टिअरिंग थरथरतं, बाजूच्या आरशातलं सगळं धूसर होतं, कप्प्यातल्या चिल्लर वस्तू खुळखुळतात आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्या धुराला कच्च्या डिझेलचा वास असतो, डोळ्यांना झोंबतो. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी थरथर ओसरायला लागते, धूर विरळ होतो आणि मिनिटभरात इंजिन असं गुरगुरायला लागतं, की मघाशी काही झालंच नव्हतं.

ही गोष्ट कोणाला दाखवायची सोय नाही, हे खरं दुखणं. गॅरेजपर्यंत गाडी नेली की ती तोवर गरम झालेली असते. मिस्त्री बोनेट उघडतो, कान देतो, रेस करून बघतो आणि आपल्याकडे बघून हसतो. डॉक्टरच्या दारात पाऊल टाकताच दाढदुखी थांबावी, तसं होतं.

मी दोन हिवाळे हे सहन केलं. पहिल्या हिवाळ्यात थरथर दहा सेकंदांची होती, मी म्हटलं थंडी आहे, चालायचंच. उन्हाळ्यात ती पार नाहीशी झाली आणि मीही विसरलो. दुसऱ्या हिवाळ्यात ती पाऊण मिनिटाची होऊन परत आली. उन्हाळा हा डिझेल गाडीच्या दुखण्यावरचा उपचार नसतो, नुसतं पांघरूण असतं, हे मला तेव्हा कळलं.

डिझेल इंजिनाला थंडी एवढी का लागते, हे कळायला सायकलचा पंप पुरतो. चाकात जोरजोरात हवा भरा आणि पंपाच्या टोकाला हात लावा, चटका बसतो. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट मिळवलं तिचा गाभा हाच. १८९७ मध्ये ऑग्सबर्गला त्याचं इंजिन नीट चाललं, तेव्हापासून आजवर यात मूलभूत फरक पडलेला नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी मिळते. डिझेलच्या इंजिनाला ती नसते. हवा पंधरा-वीसपट दाबायची, ती इतकी तापवायची की त्यात डिझेलचा फवारा पडताच आपोआप पेट घेईल. सगळी मदार त्या तापण्यावर.

मी एकदा कागदावर गणित मांडून पाहिलं. हवा अठराव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली असं धरलं आणि बाहेरची हवा २० अंश सेल्सिअस, तर दाबलेली हवा साधारण ५३० अंशांपर्यंत जाते. बाहेर उणे १० असेल तर तेच जेमतेम ४५०. म्हणजे बाहेर तीस अंश गेले की आत ऐंशी अंश जातात. त्यात थंड बॅटरीमुळे सेल्फ संथ फिरला, की दाबलेल्या हवेला भिंतींना उष्णता देऊन टाकायला आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला निवांत वेळ मिळतो. तसा हिशेब केला तर आकडा तीनशेच्या घरात घसरतो. कागदावरचं गणित ते कागदावरचंच, पण थंडी सिलिंडरपर्यंत पोचेतो अशी वाढत जाते हे त्यातून दिसतं. थंड हवेत फवारा पडतो, पण पेट घ्यायला उशीर करतो. त्या उशिरात आणखी डिझेल आत साठतं आणि मग सगळं एकदम भडकतं. थंड डिझेलचा तो टकटक आवाज म्हणजे हे साठलेलं भडकणं. आणि जे पेटलंच नाही ते वाफ होऊन सायलेन्सरमधून पांढरं बाहेर पडतं.

एवढं कळूनही मी करायच्या त्या चुका केल्याच. आधी बॅटरी बदलली. जुनी बॅटरी काही वाईट नव्हती. तेव्हा मला एक साधा भेद करता येत नव्हता, जो आता कोणी 'गाडी थंडीत त्रास देते' म्हणालं की मी आधी विचारतो. त्रास म्हणजे नेमका कुठला? सेल्फच जड, कण्हत-कुंथत फिरतोय? मग बॅटरी, तिची टर्मिनलं, अर्थची केबल, नाहीतर इंजिनातलं ऑइल. उणे १८ अंशांत शिशाच्या बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणूनच तिच्यावरचा थंडीतला करंटचा आकडा त्याच तापमानाला मोजलेला असतो. ऑइलच्या डब्यावरच्या 'डब्ल्यू'चा अर्थही हिवाळाच. १५-डब्ल्यूची परीक्षा उणे २० अंशांना घेतात आणि ५-डब्ल्यूची उणे ३० ला. पण सेल्फ झटझट फिरतोय आणि इंजिन नुसतं हूल देतंय, उचलत नाही, तर गोष्ट वेगळी. तिथे डिझेल पोचत नसतं किंवा त्याचा दाब बनत नसतो. तिसरा प्रकार फसवा. गाडी लगेच सुरू होते, दोन-तीन सेकंद चालते, बंद पडते आणि मग लांबलचक सेल्फ मागते. तिथे रात्रीत डिझेलच्या लाइनमध्ये एअर शिरलेली असते. सक्शनच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या, बाजूचं गळणं डोळ्यांना दिसत नाही, कारण डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइपचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे पळताना दिसतात.

आणि चौथा आमचा. सेल्फ छान, उचलणं छान, चालणं मात्र लंगडं. यात बॅटरीचा काय संबंध? काही नाही. पण दुकानातला माणूस 'हिवाळ्यात बॅटरीच जाते' म्हणाला आणि मी मान डोलावली.

बॅटरीनंतर डिझेल फिल्टर बदलला. ते वाया गेलं असं म्हणणार नाही, वेळ झालीच होती आणि खालच्या कपातून दोन चमचे पाणी निघालं. मग टाकीत थंडीचं औषध ओतलं. डिझेलमध्ये मेण असतं, कडाक्याच्या थंडीत त्याचे कण धरतात, आधी डिझेल ढगाळ होतं, मग फिल्टर तुंबतो. पण तुंबलेल्या फिल्टरची गाडी आधी बरी चालते आणि वाटेत दम टाकते. आमची तर उलट, आधी लंगडायची आणि वाटेत धावायची. लक्षण समोर उभं राहून सांगत होतं आणि मी बाटलीमागून बाटली ओतत होतो.

तेवढ्यात एका ओळखीच्याने सुचवलं, हवेच्या नळीत ईथरचा फवारा मार. नशीब, मी मारला नाही. ईथर फार कमी तापमानाला पेटतं. आत लालबुंद हीटर प्लग, म्हणजे थंड सिलिंडर तापवणारी विजेची छोटी कांडी, असेल किंवा हवा तापवणारी जाळी असेल, तर ते भलत्या क्षणी, पिस्टन अजून वर येत असतानाच भडकतं. रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो, कधी इनटेकची नळीच फाटते. शिवाय त्याने निदान होत नाही, नुसती गाडी सुरू होते. आमची तशीही होतच होती.

शेवटी ज्या मिस्त्रींकडे गेलो ते वयाने मोठे, कमी बोलणारे. मी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे केला. त्यांनी तो बघितला नाही, कानाला लावून ऐकला. मग म्हणाले, "दादा, गाडी आज नका दाखवू. संध्याकाळी लावून जा. सकाळी मी यायच्या आधी कोणी चावीला हात लावायचा नाही."

"तुम्ही आता जरा बघून तर..."

"आता काय बघू? आता ती बरी आहे."

याच्याइतकं शहाणपणाचं वाक्य मला दोन हिवाळ्यांत कोणी ऐकवलं नव्हतं. थंड इंजिन दिवसाला एकच प्रश्न विचारू देतं. एकदा सुरू केलं की पुन्हा तसं थंड व्हायला रात्र जावी लागते. त्यामुळे एका सकाळी दोन-तीन गोष्टी बदलायच्या नाहीत, नाहीतर गुण कशाने आला हे कळतच नाही. मी एकाच शनिवारी फिल्टर, औषध आणि ऑइल असं सगळं उरकून टाकलं होतं. त्या प्रयोगातून काय कळलं? काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी हजर होतो. बोनेटवर दव गोठायच्या बेतात होतं. मिस्त्रींनी चावी फिरवायच्या आधी स्कॅनर लावला आणि तीन आकडे बघितले. पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, बाहेरच्या हवेचं तापमान. रात्रभर उभी असलेल्या गाडीत हे तिन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत. पाण्याचा सेन्सर खोटं बोलत असेल, म्हणजे गारठलेल्या इंजिनाला चाळीस अंशांचं सांगत असेल, तर गाडीचा संगणक समजतो की इंजिन कोमट आहे. मग तो हीटर प्लगना करंटच देत नाही किंवा नावापुरता देतो. आमचे तिन्ही आकडे चार आणि पाचच्या दरम्यान होते. सेन्सर निर्दोष सुटला.

मग त्यांनी पाण्याने भरलेली छोटी पिचकारी काढली. मला वाटलं काच पुसायला. मला सेल्फ मारायला सांगितला. इंजिन नेहमीसारखं खेकसत उठलं. पंधरा सेकंद गेले असतील-नसतील, त्यांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, चारही फाट्यांवर पाण्याचे दोन-दोन थेंब सोडले. पहिल्या फाट्यावर थेंब चर्र करून उडाला. दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्यावर थेंब नुसता बसून राहिला, गोल, चकचकीत. चौथ्यावर हळूहळू पसरला. बस. चार सिलिंडरपैकी दोन कामावर आलेले नव्हते आणि हे सांगायला पाण्याचे आठ थेंब लागले. हेच काम लांबून तापमान मोजणाऱ्या पिस्तुलासारख्या थर्मामीटरने अधिक नेमकं होतं, आकडाच दिसतो. तो त्यांच्याकडे होता, खणात. पण थेंबाचा चर्र आवाज गिऱ्हाइकाला लगेच पटतो, असं ते म्हणाले.

जुन्या गाड्यांत असा मुका सिलिंडर शोधायला डिझेलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरच्या पाइपची नट चालू इंजिनात सैल करत. ज्या नटने आवाजात फरक पडत नाही तो मुका. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जबर दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, गाडीत हे चुकूनही करायचं नाही. त्या पाइपांत दीड-दोन हजार बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब) दाब असतो, बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत घुसते आणि अशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी बोट जायची वेळ येते. हे मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण ही युक्ती अजून तोंडोतोंडी फिरते.

इंजिन बंद करून त्यांनी चारही हीटर प्लगचे कनेक्टर काढले. टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला. पहिला, दिवा लागला. दुसरा, लागला. तिसरा, अंधार. चौथा, अंधार. वेटोळं आतून तुटलेलं.

मी विचारलं, "पण डॅशबोर्डवरचा दिवा तर रोज लागतो आणि विझतो."

"तो घड्याळ आहे," ते म्हणाले, "थर्मामीटर नाही."

दोन वर्षं मी त्या पिवळ्या वेटोळ्यावर विसंबून होतो. आमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत तो दिवा फक्त थांबायची वेळ सांगतो, प्लग खरोखर तापले की नाही हे त्याला ठाऊक नसतं. त्याहून एक गोष्ट मला नवीन होती. दिवा विझला, इंजिन सुरू झालं, तरी प्लगचं काम संपत नाही. सुरू झाल्यावरही ते काही वेळ, कधी मिनिट-दोन मिनिटं तापत राहतात, सिलिंडरच्या भिंती कोमट होईपर्यंत. पांढरा धूर आणि थरथर आवरायचं काम याच दुसऱ्या पाळीत होतं. चांगला प्लग काही सेकंदांत हजारभर अंशांच्या आसपास जातो. चारपैकी दोन मेले तरी उरलेले दोन सिलिंडर पेटतात आणि बाकीच्या दोघांना ओढत नेतात, ते दोघे गरम होऊन स्वतः पेटायला लागेपर्यंत. आमची पाऊण मिनिटाची थरथर म्हणजे ही ओढाताण होती.

सगळ्याच पिकअपना हीटर प्लग नसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर कोणीतरी नसलेली वस्तू शोधत बसेल. रॅम या अमेरिकन पिकअपच्या २०२४ मॉडेलपर्यंत असलेल्या कमिन्सच्या ५.९ आणि ६.७ लिटरच्या इंजिनांत प्लगऐवजी इनटेकमध्ये हवा तापवणारी जाळी असते. तिथे जाळीचा रिले आणि जाड वायरचं टोक बघायचं. आणि फोर्डच्या जुन्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक या डिझेल इंजिनात इंजेक्टर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात, त्यामुळे तिथे जाड ऑइल म्हणजे नुसता जड सेल्फ नव्हे, फवाराच मंदावतो. दुखणं दिसायला एक, मूळ निराळं.

प्लग काढायचा दिवस वेगळा गंमतीचा. निदानाला इंजिन थंड हवं आणि प्लग काढायला गरम. थंड हेडमधून, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातून, वर्षानुवर्षं काजळी धरलेला प्लग जोर लावून काढायला गेलं की तो मधोमध तुटतो आणि अर्धा आत राहतो. मग हेड उतरवायचं. मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी गाडी अर्धा तास फिरवून आणायला लावली आणि मग छोट्या दांड्याचा पाना घेऊन बसले. लांब दांडा का नाही? कारण लांब दांड्याला हातातलं कळत नाही. पाव वळसा सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा जरा सोडायचा. चौथ्या प्लगला वीस मिनिटं लागली. बारीक कुरकुर आवाज आला तेव्हा त्यांनी श्वास रोखला होता. मीही.

काढलेले चारही प्लग त्यांनी कापडावर ओळीने मांडले. पहिला आणि दुसरा करडे, कोरडे, टोक सरळ. चौथा तसाच, फक्त आतून मेलेला, वयाने गेलेला. तिसऱ्याचं टोक मात्र फुगलं होतं, एका बाजूने वितळून खड्डा पडल्यासारखं झालं होतं आणि ओलसर काळं होतं. मी चारही नवे प्लग घेऊन मोकळा होणार होतो. ते म्हणाले, "चौथा मेला. तिसऱ्याला मारलंय."

इथे एक सूचना. काढलेला प्लग थेट बॅटरीला लावून लाल होतो का, हे बघायची जुनी पद्धत आहे. जुन्या बारा व्होल्टच्या प्लगला ती चालते. नव्या गाड्यांतले कित्येक प्लग पाच-सात व्होल्टचे असतात. त्यांना बारा व्होल्ट दिले की ते डोळ्यांदेखत जळतात आणि आपण चांगला प्लग मारून 'हा खराब होता' असं सांगत फिरतो. प्लगवर छापलेले व्होल्ट आधी वाचावेत.

नवे प्लग बसले. पुढच्या पहाटे गाडी जवळजवळ माणसात आली होती. थरथर पाऊण मिनिटावरून आठ-दहा सेकंदांवर, धूर पाव. मी खूश. मिस्त्री खूश नव्हते. पिचकारी पुन्हा निघाली आणि तिसऱ्या फाट्यावरचा थेंब अजूनही इतरांपेक्षा उशिरा उडाला. चारही इंजेक्टर निघाले, टेस्ट बेंचवर गेले. मी बरोबर गेलो, कारण मला बघायचं होतं. काचेच्या नळीत बाकीचे तीन इंजेक्टर धुकं सोडत होते, अगदी अत्तराच्या बाटलीसारखं. तिसरा धुकं सोडून झाल्यावर टोकाशी एक थेंब धरत होता. थेंब जरा थांबायचा, मोठा व्हायचा, पडायचा. गरम इंजिनात तो थेंब जळून जायचा, कोणाला पत्ता लागत नव्हता. थंड इंजिनात तो तसाच राहायचा, धूर व्हायचा आणि शेजारच्या प्लगचं टोक खायचा. नुसते प्लग बदलले असते तर नवा तिसरा प्लगही त्याच वाटेने गेला असता.

तिसऱ्या इंजेक्टरचं टोक, म्हणजे नोझल, बदललं, त्याचा कोड गाडीच्या संगणकात भरला. इंजेक्टर काढलेलेच होते म्हणून मिस्त्रींनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही, म्हणजे हवा किती दाबली जाते तेही, मोजून ठेवलं होतं आणि खडूने बोनेटच्या आतल्या बाजूला लिहिलं होतं. २८, २८, २५, २७ बार. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हो, जरा कमी आहे," ते म्हणाले. "थेंबाने भिंतीवरचं ऑइल धुतलं असेल, रिंगा थोड्या घासल्या असतील. दहा-बारा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. यासाठी इंजिन उघडू नका."

"म्हणजे थंडीत अजून थोडी हलणार?"

"दोन-तीन सेकंद. हलू द्या."

खडूचे आकडे मी पुसलेले नाहीत. कडाक्याच्या पहाटे दिवा विझल्यावर मी आणखी तीन सेकंद थांबतो, मग सेल्फ मारतो. इंजिन उचलतं, दोनदा अंग झटकतं आणि चालायला लागतं.